बोटीवर जडलेला आजार आणि अपंगत्वाची भरपाई: अंबाजोगाईहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न अंबाजोगाईहून एका धाकट्या भावाने विचारला आहे. त्यांचे थोरले बंधू, वय ४०, पनामाचा झेंडा असलेल्या, म्हणजे त्या देशात नोंदलेल्या, एका मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये मोटरमन होते. कॉन्ट्रॅक्टच्या पाचव्या महिन्यात ड्यूटीवर असताना त्यांच्या छातीत दुखू लागले. दोन दिवस गोळ्यांवर काढल्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील डरबन बंदरात त्यांना दवाखान्यात दाखल केले, अँजिओप्लास्टी झाली आणि तिथून विमानाने मुंबईला पाठवण्यात आले. कंपनीने सहा आठवडे आजारपणाचा पगार दिला व पुढे बंद केला. तुम्हाला आता जहाजावर जाता येणार नाही, असे कंपनीच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितले, लेखी काही दिले नाही. मुंबईतील एजंटचे म्हणणे असे की हृदयविकार हा कामामुळे झालेला आजार नव्हे, कॉन्ट्रॅक्टमध्ये भरपाई फक्त अपघाताला आहे, तरी माणुसकी म्हणून कंपनी थोडी रक्कम देईल. त्यासाठी एका कागदावर सही करून द्यावी. दरम्यान घरच्यांनी बीडच्या जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे. सही करावी का आणि दावा होतो का, अशी विचारणा आहे.

सही आत्ता करू नये. दावा होतो. मात्र आपल्या पत्रात, आणि एजंटच्या बोलण्यातही, तीन वेगवेगळ्या मागण्या एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. त्या सोडवल्याशिवाय कोणत्या मागणीला काय पुरावा लागतो हे कळणार नाही, आणि कंपनीचा फायदा त्या एकत्र ठेवण्यातच आहे. पहिली मागणी उपचाराचा खर्च आणि आजारपणातील पगार यांची. दुसरी कायमच्या अपंगत्वाच्या भरपाईची. तिसरी, जहाजावर प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचा शिल्लक पगार, ओव्हरटाइम आणि रजेचा पगार यांची. तिसरीबद्दल फार सांगण्यासारखे नाही: ते कमावलेले पैसे आहेत, त्यांचा आजाराशी काहीही संबंध नाही आणि कोणत्याही तडजोडीच्या कागदात ते घालू देऊ नयेत.

पहिल्या मागणीपासून सुरुवात करतो, कारण तिथे बंधूंची बाजू सर्वांत भक्कम आहे आणि तिथेच त्यांना सर्वांत सहज फसवले जात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सागरी श्रम करार, २००६, ज्याला बोटीवरची मंडळी एमएलसी म्हणतात, तो पनामाने स्वीकारला आहे आणि भारतानेही २०१५ साली मान्यता दिल्यानंतर ऑक्टोबर २०१६ पासून तो आपल्यासाठी लागू आहे. या करारानुसार कामावर रुजू झाल्याच्या तारखेपासून रीतसर मायदेशी पोचवले जाईपर्यंतच्या काळात जो आजार किंवा जी दुखापत झाली, तिचा खर्च जहाजमालकाने सोसायचा असतो. आजार कामामुळेच झाला हे इथे सिद्ध करावे लागत नाही. तो त्या काळात उद्भवला एवढे पुरते. उपचार रुग्ण बरा होईपर्यंत किंवा आजार कायमचा असल्याचे ठरेपर्यंत द्यायचे असतात. खलाशी जहाजावर असेपर्यंत पूर्ण पगार, आणि घरी आल्यावर झेंड्याच्या देशाच्या कायद्यानुसार किंवा सामूहिक करारानुसार, म्हणजे जहाजमालक व खलाशांची संघटना यांच्यातील करारानुसार, पूर्ण किंवा काही अंशाने पगार मिळायला हवा. या जबाबदारीला देशाच्या कायद्याने मर्यादा घालता येते, पण ती आजार सुरू झाल्यापासून सोळा आठवड्यांपेक्षा, म्हणजे ११२ दिवसांपेक्षा, कमी असता येत नाही. कित्येक सामूहिक करारांत ही मुदत याहूनही जास्त असते.

सोळा आठवडे आजार सुरू झाल्या दिवसापासून मोजतात, तेव्हा जहाजावर दुखणे काढलेले दोन दिवस आणि डरबनच्या दवाखान्यातील दिवस त्यात धरले जातील. तरीही सहा आठवड्यांवर पगार थांबवण्याचे कारण कंपनीने लेखी दिले पाहिजे. बंधू त्याआधी बरे झाले असे तिचे म्हणणे असेल तर तसे प्रमाणपत्र दाखवले पाहिजे. एकीकडे ‘तुम्ही आता बोटीवर चढू शकत नाही’ असे सांगायचे आणि दुसरीकडे बरे झाल्यासारखा पगार बंद करायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ही विसंगती पहिल्याच पत्रात ठळकपणे मांडावी. मुंबईच्या फेऱ्यांची तिकिटे, औषधांची बिले, तपासण्यांच्या पावत्या सगळ्या जपून ठेवाव्यात. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला लातूरहून रात्रभर प्रवास करून कंपनीच्या डॉक्टरकडे जावे लागत असेल, तर तो प्रवासखर्च मागणे यात लाजण्यासारखे काही नाही, पण पावतीशिवाय तो कोणी देणार नाही.

कंपनी ही जबाबदारी तीन कारणांनी नाकारू शकते: दुखापत जहाजाच्या सेवेबाहेर झाली, खलाशाच्या हेतुपुरस्सर गैरवर्तनामुळे आजार किंवा दुखापत ओढवली, अथवा करार करताना त्याने आजार जाणूनबुजून लपवला. हृदयविकाराच्या प्रकरणात कंपनीचे वकील हटकून तिसऱ्याचा आधार घेतात. बंधूंना पूर्वी रक्तदाब किंवा मधुमेह होता का, त्यासाठी गावाकडच्या एखाद्या डॉक्टरकडे गोळ्या चालू होत्या का, आणि रुजू होण्यापूर्वीच्या मेडिकलच्या फॉर्मवर त्यांनी ‘नाही’ असे लिहिले होते का, हे मला आपल्याकडून खरे कळले पाहिजे. मराठवाड्यातील अनेक मुले मेडिकलच्या आठवड्यात गोळी घेऊन रक्तदाब खाली आणतात आणि फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहितात, कारण एजंटच तसे शिकवतो. पुढे हाच फॉर्म त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. मात्र माहीत नसलेला आजार आणि लपवलेला आजार यांत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक आहे. रक्तवाहिन्यांत अडथळा असल्याचे माणसाला पहिला झटका येईपर्यंत बहुधा माहीतच नसते, आणि कंपनीने नेमलेल्या डॉक्टरने स्वतः तपासून, ईसीजी काढून, ‘फिट’ म्हणून सही केली असेल, तर ‘हा आजार आधीपासून होता’ एवढ्या म्हणण्याने दावा पडत नाही. त्या मेडिकलची पूर्ण प्रत, फक्त शेवटचे प्रमाणपत्र नव्हे, कंपनीकडून लेखी मागवावी.

आता मुख्य मागणीकडे, म्हणजे अपंगत्वाच्या भरपाईकडे वळू.

इथे सागरी श्रम करार रक्कम ठरवत नाही. २०१४ साली त्यात झालेल्या आणि १८ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी एवढे केले की व्यवसायजन्य दुखापत, आजार किंवा धोका यांमुळे आलेले मृत्यू व दीर्घकालीन अपंगत्व यांच्या भरपाईसाठी जहाजमालकाने विम्यासारखी आर्थिक हमी ठेवलीच पाहिजे, तिचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावले पाहिजे, आणि खलाशाला त्या हमीदाराकडे थेट दावा करता आला पाहिजे. ही हमी बहुतेक वेळा ‘पी अँड आय क्लब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थेची असते. पण किती पैसे द्यायचे, हे कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर, सामूहिक करारावर किंवा देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते. म्हणून अशा प्रकरणात मी आधी वैद्यकीय फाइल उघडत नाही, कॉन्ट्रॅक्ट उघडतो.

आपण कॉन्ट्रॅक्टची पहिली दोनच पाने पाठवली आहेत. त्यांत पगार, मुदत आणि जहाजाचे नाव आहे. अपंगत्वाचे कलम नाही. मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी सामूहिक कराराचा उल्लेख आहे आणि तो कराराचा भाग समजला जाईल असे लिहिले आहे. हे वाक्य सोन्यासारखे आहे. ज्या जहाजावर आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाशी, म्हणजे आयटीएफशी, संलग्न सामूहिक करार लागू असतो, तिथे अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार आणि हुद्द्यानुसार डॉलरमध्ये रकमांचा तक्ता दिलेला असतो. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक) कॉन्ट्रॅक्टवर किंवा सीडीसीतील (खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तकातील) नोंदीत सापडेल. त्यावरून त्या जहाजाला असा करार लागू होता का, हे आयटीएफच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंटकडे सामूहिक कराराची प्रत मागण्याचा बंधूंना हक्क आहे आणि ती ईमेलनेच मागावी.

प्रत हाती आली की एक गोष्ट डोळ्यात तेल घालून वाचावी: अपंगत्वाची भरपाई ‘अपघातामुळे’ आलेल्या अपंगत्वाला आहे, की ‘अपघात किंवा आजारामुळे’ आलेल्या. एजंटचे म्हणणे निराधार नाही. अनेक नमुना करारांत अपंगत्वाच्या कलमात अपघाताचाच उल्लेख असतो आणि आजारासाठी उपचार व पगार एवढेच वेगळ्या कलमात असते. काही करारांत आजाराचाही समावेश असतो, काहींत ‘कामाशी संबंधित आजार’ अशी अट असते. आपला करार कोणत्या प्रकारात बसतो, हे एजंटच्या तोंडून ऐकून मानू नये. करार फक्त अपघातापुरता असला, तर बंधूंच्या बाबतीत अपघात झालाच होता असे उगाच रचू नये. तशी रचना पहिल्याच उलटतपासणीत कोसळते आणि बरोबर खऱ्या मागण्याही घेऊन जाते. पण इंजिनरूममध्ये जड सुटे भाग उचलताना, किंवा यंत्र अचानक बंद पडून सलग काम करावे लागले असताना दुखणे सुरू झाले असेल, तर तो विशिष्ट प्रसंग ‘अपघात’ ठरू शकतो का, हा खरा कायदेशीर प्रश्न आहे आणि तो घटनेच्या तपशिलावर ठरतो.

आयटीएफच्या नमुन्यातील आणखी एक तरतूद माहीत असावी. तिथे ज्याचे अपंगत्व पन्नास टक्के किंवा जास्त ठरते, तो समुद्रावरील कोणत्याही कामासाठी कायमचा अपात्र समजला जातो आणि त्याला पूर्ण भरपाई मिळते. टक्केवारी पन्नासपेक्षा कमी असली तरी डॉक्टरने ‘समुद्रसेवेसाठी कायम अपात्र’ असे प्रमाणित केले, तरीही पूर्ण भरपाईचा हक्क येतो. म्हणजे निर्णायक गोष्ट टक्का नसून ते प्रमाणपत्र आहे, आणि कंपनीचे डॉक्टर जे तोंडी सांगतात पण लिहून देत नाहीत, ते नेमके हेच प्रमाणपत्र होय.

याच ठिकाणी बीडच्या अर्जाबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार जिल्हा रुग्णालयातून मिळणारे प्रमाणपत्र आणि त्यावरचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांचा उपयोग सरकारी योजना, सवलती आणि आरक्षण यांसाठी आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत अपंगत्वाचे जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत हृदयविकार नाही. म्हणजे बंधूंना तिथून प्रमाणपत्र न मिळण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि तो नकार कंपनीच्या हाती पडला, तर ‘सरकारी दवाखान्यानेच यांना अपंग मानले नाही’ असे वाक्य लगेच पत्रात येईल. दोन्ही मोजमापे वेगळी आहेत. जिल्हा रुग्णालय माणसाचे अवयव व इंद्रिये किती निकामी झाली ते मोजते. खलाशाच्या दाव्यात तो माणूस समुद्रावर, डॉक्टरपासून आठवडाभर दूर, इंजिनरूमच्या उष्णतेत आणि उभ्या शिड्यांवर काम करू शकेल का हे मोजायचे असते. शेतात हिंडणारा, बाजारात जाणारा, दुचाकी चालवणारा माणूसही बोटीसाठी कायमचा अपात्र असू शकतो. त्यामुळे बीडचा अर्ज सध्या पुढे रेटू नये. त्याऐवजी छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर येथील हृदयरोगतज्ज्ञाकडून, आणि शक्य असल्यास नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याने, मान्यता दिलेल्या, खलाशांच्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरकडून लेखी अभिप्राय घ्यावा. त्यात निदान, स्टेंटची माहिती, हृदयाच्या कार्यक्षमतेचा आकडा, चालू औषधे आणि समुद्रसेवेतील नेमकी कोणती कामे करणे धोक्याचे आहे, हे मुद्देसूद लिहिलेले असावे. ‘विश्रांतीचा सल्ला’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीचा दाव्यात उपयोग होत नाही.

कंपनीच्या डॉक्टरचा अभिप्राय आपल्या डॉक्टरशी जुळला नाही, तर बहुतेक सामूहिक करारांत दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा डॉक्टर नेमण्याची तरतूद असते आणि त्याचा निर्णय अंतिम मानला जातो. हा तिसरा डॉक्टर मागण्याचे पत्र वेळेत द्यावे लागते. पुष्कळ जण आपल्या डॉक्टरचा कागद घेऊन थेट कोर्टात जायला निघतात आणि ही पायरी गाळतात. मग कंपनी म्हणते की करारातील पद्धतच पाळली नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या पत्रात ‘१२० दिवस उलटले की अपंगत्व आपोआप पूर्ण धरतात’ असे वाक्य आहे आणि ते बंधूंना एका फिलिपिनो सहकाऱ्याने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. तो सहकारी पूर्ण चुकीचे सांगत नाही, पण तो त्याच्या देशाचा नियम सांगतो आहे. फिलिपिन्समध्ये परदेशी जहाजांवर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाला सरकारने ठरवलेला नमुना करार लागू होतो. त्यात घरी परतल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरकडे हजर होणे, त्या डॉक्टरने १२० दिवसांत, आणि पुढील उपचाराची गरज असेल तर २४० दिवसांपर्यंत, अंतिम अभिप्राय देणे, आणि मतभेद झाल्यास तिसरा डॉक्टर, अशी पद्धत आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे या एका विषयावर ढीगभर निकाल आहेत आणि इंटरनेटवर खलाशांच्या अपंगत्वाविषयी शोधले की तेच आधी वर येतात. भारतीय खलाशाच्या पनामा-झेंड्याच्या करारात हे दिवस जसेच्या तसे लागू होत नाहीत. घेण्यासारखा एकच धडा आहे, तो लवकर कळवण्याचा. पीकविम्याची सूचना ७२ तासांत दिली नाही तर काय होते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. इथेही घरी पोचल्या पोचल्या एजंटला ईमेलने आजाराची स्थिती कळवणे आणि बोलावतील तेव्हा डॉक्टरकडे जाणे हे दाव्याच्या मुळाशी आहे. बंधूंनी हे सगळे फोनवर केले असे दिसते. निदान आता, ज्या तारखांना बोलणे झाले त्या तारखा घालून, एक सविस्तर ईमेल पाठवावा.

पुरावा म्हणून आपण पाठवलेल्या फोटोंतला एक कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो डरबनचा साइन ऑफचा, म्हणजे जहाजावरून उतरल्याचा, कागद आहे. कारणाच्या रकान्यात छापलेल्या पर्यायांपैकी ‘वैद्यकीय’ या शब्दापुढे खूण आहे. पण त्याखालच्या मोकळ्या ओळीवर वेगळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात, ‘स्वतःच्या विनंतीवरून’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले आहेत आणि त्याखाली बंधूंची सही आहे. सहीची तारीख अँजिओप्लास्टीच्या दुसऱ्या दिवसाची आहे. आपल्या सांगण्याप्रमाणे बंधूंचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, त्या दिवशी त्यांच्या हाताला सलाइन होते आणि कागद एजंटच्या स्थानिक माणसाने दवाखान्यात आणून दिला. हे सगळे प्रतिज्ञापत्रावर यायला हवे. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ उतरलेल्या माणसाचे परतीचे भाडे, आजारपणाचा पगार आणि पुढील भरपाई या सर्वांवर कंपनी त्या चार शब्दांनी प्रश्नचिन्ह उभे करते. सुदैवाने वरची खूण आणि डरबनच्या दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, दोन्ही त्या शब्दांना खोटे पाडतात. मूळ कागदाला हात लावू नये, त्यावर काही लिहू नये, लॅमिनेशन करू नये. सीडीसीतील साइन ऑफच्या नोंदीचाही फोटो पाठवावा.

जहाजावरचे कागद कंपनीच्या ताब्यात असतात, पण ते मागितले पाहिजेत: कॅप्टनच्या वैद्यकीय नोंदवहीतील पाने, रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला घेतला असेल तर त्याची नोंद, इंजिनरूमची लॉगबुक आणि विश्रांतीच्या तासांचे तक्ते. सागरी श्रम करारात विश्रांतीचे किमान तास म्हणून कोणत्याही २४ तासांत दहा आणि सात दिवसांत ७७ असे प्रमाण आहे. तक्त्यात सगळे नियमात दिसेल, कारण ते बहुधा तसेच भरले जातात; पण त्याच दिवसांची इंजिन लॉगबुक आणि ओव्हरटाइमची पावती शेजारी ठेवली की खरे काय ते कळते. छातीत दुखू लागल्यानंतर दोन दिवस गोळ्यांवर का काढावे लागले, हा प्रश्नही या कागदांतूनच सुटेल. उशीर झाल्याने हृदयाच्या स्नायूचे नुकसान वाढले असे हृदयरोगतज्ज्ञाने लिहून दिले, तर आजार मुळात कामामुळे झाला की नाही या वादापलीकडे एक स्वतंत्र मुद्दा उभा राहतो. बंधूंच्या मोबाइलमधले त्या दोन दिवसांतले घरच्यांशी झालेले व्हॉट्सॲप संदेश जपावेत. फोन बदलू नये किंवा विकू नये.

कामाशी संबंध सिद्ध करणे सोपे आहे असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकिनन मॅकेन्झीच्या जुन्या खटल्यात, जिथे जहाजावरून एक खलाशी बेपत्ता झाला होता, नोकरीतून मृत्यू उद्भवला हे दाखवण्याचा भार दावेदारावर असल्याचे म्हटले होते. २००६ साली वाहनावरील एका क्लीनरच्या हृदयविकाराच्या प्रकरणातही, नोकरीवर असताना झटका आला एवढे पुरेसे नाही, कामाचा ताण आणि झटका यांचा दुवा पुराव्याने दाखवला पाहिजे, असाच निर्णय झाला. म्हणून वर जे कागद मागायला सांगितले, त्यांना इतके महत्त्व आहे.

जहाज भारतीय झेंड्याचे असते तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा मार्ग सरळ होता. त्या कायद्याने भारतात नोंदलेल्या जहाजावरील खलाशाला कर्मचारी मानले आहे; अपघात व त्यामुळे आलेले अपंगत्व जहाजावरच सुरू झाले असेल तर वेगळी नोटीस देण्याचीही गरज नाही. बेंझिनची विषबाधा किंवा आवाजामुळे आलेला बहिरेपणा यांसारखे काही आजार अनुसूचीतच व्यवसायजन्य धरलेले आहेत आणि सलग किमान सहा महिने त्या कामावर असलेल्या माणसाला तो आजार झाला तर संबंध गृहीत धरला जातो. केमिकल टँकरवर जाणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. हृदयविकार त्या अनुसूचीत नाही. रकमेची कल्पना यावी म्हणून: पगाराची मोजणीची कमाल मर्यादा महिना १५,००० रुपये धरली, तर ४० वर्षांच्या माणसाच्या कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्याच्या ६० टक्क्यांना, म्हणजे ९,००० ला, वयाच्या १८४.१७ या गुणकाने गुणून १६,५७,५३० रुपये होतात. प्रत्यक्ष पगार लाखात असला तरी आकडा तोच राहतो. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू होऊन हा विषय तिच्यात गेला आहे, त्यामुळे जुन्या प्रकरणांच्या मुदती आणि नव्या प्रकरणांची पद्धत वकिलाकडून तपासून घ्यावी. पनामाच्या जहाजावरील बंधूंसाठी हा मार्ग दुय्यमच आहे.

त्यांच्यासाठी क्रम असा ठेवावा. पहिले, कंपनी, एजंट आणि पी अँड आय क्लबचे मुंबईतील प्रतिनिधी या तिघांना एकच पत्र, ज्यात तीनही मागण्या स्वतंत्र शीर्षकांखाली असतील. क्लबचे नाव आर्थिक हमीच्या प्रमाणपत्रावर असते. जहाजावर अजून असलेल्या एखाद्या मित्राला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगावे. दुसरे, एजंटकडे खलाशी भरतीचा परवाना, म्हणजे आरपीएसएल, आहे का हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. परवाना असेल तर महासंचालनालयाकडे तक्रार करता येते, आणि परवान्यावर आच येण्याची भीती एजंटला पुष्कळ वेळा कोर्टाच्या नोटिशीपेक्षा लवकर हलवते. परवाना नसेल, तर प्रकरण गंभीर आहे आणि पोलिसांकडेही जावे लागेल. तिसरे, सामूहिक करार ज्या संघटनेने केला तिच्याकडे लेखी मदत मागावी; वर्गणीची पावती शोधून ठेवावी.

कोर्टाचा मार्ग शेवटचा, पण त्याची मुदत पहिल्या दिवसापासून चालू असते. २०१७ च्या ॲडमिरल्टी, म्हणजे जहाजांविरुद्धच्या दाव्यांच्या, कायद्यानुसार मुंबई उच्च न्यायालयात परदेशी जहाज भारतीय बंदरात आले असता अडवून ठेवण्याचा अर्ज करता येतो. पगाराच्या मागणीपोटी जहाजावर जो अग्रहक्क, म्हणजे इतरांआधी वसुलीचा हक्क, असतो तो दोन वर्षांत संपतो. शारीरिक हानीच्या मागणीपोटीचा, तो आपल्या प्रकरणात ग्राह्य धरला गेला तरी, एका वर्षात. हे काम संभाजीनगरच्या खंडपीठात नव्हे, मुंबईत चालते, आणि तिथल्या वकिलाची फी व जहाज भारतात कधी येणार याची अनिश्चितता पाहता, छोट्या दाव्यासाठी ते परवडत नाही. माझ्या अनुभवात नीट कागद जोडलेली मागणी थेट क्लबपर्यंत पोचली की बोलणी सुरू होतात.

आता त्या सहीच्या कागदाविषयी. आपण पाठवलेल्या मसुद्यात देऊ केलेली रक्कम ‘सर्व ज्ञात व अज्ञात दाव्यांपोटी पूर्ण व अंतिम’ असल्याचे लिहिले आहे आणि त्यात शिल्लक पगारही धरला आहे. सागरी श्रम करारातील २०१४ च्या दुरुस्त्यांनी स्पष्ट केले आहे की कॉन्ट्रॅक्टनुसार देय भरपाई पूर्ण व विनाविलंब द्यावी, कमी रक्कम घेण्यासाठी दबाव आणू नये, आणि अपंगत्वाचे मोजमाप लांबणार असेल तर खलाशाची ओढाताण होऊ नये म्हणून अंतरिम रक्कम द्यावी. म्हणून एजंटला तोंडी नकार देण्याऐवजी ईमेलने कळवावे की शिल्लक पगार व आजारपणाचा पगार ताबडतोब द्यावा, ही रक्कम अंतरिम म्हणून इतर हक्क राखून स्वीकारण्यास आम्ही तयार आहोत, आणि अपंगत्वाचा अंतिम अभिप्राय लेखी मिळाल्यावर उरलेल्या मागणीबाबत बोलू. सोयाबीनचे पैसे बुडाले आहेत आणि कर्जाचे व्याज चालू आहे, असे आपण लिहिले आहे. ते एजंटलाही माहीत आहे आणि त्याची घाई त्यावरच आहे.

दावा चालू असताना बंधूंनी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडून ‘फिट’चे मेडिकल काढून नव्या कंपनीत अर्ज करू नये. घर चालवण्यासाठी तसा मोह होईल, आणि असा कागद काढून देणारे लोकही भेटतील. पण त्या एका प्रमाणपत्राने समुद्रसेवेसाठी कायम अपात्र असल्याचे सगळे म्हणणे कोसळते, आणि स्टेंट घातलेल्या माणसाला पुन्हा इंजिनरूममध्ये झटका आला, तर त्या वेळी ‘लपवलेला आजार’ हे कंपनीचे म्हणणे खरे असेल. किनाऱ्यावरचे हलके काम, दुकान किंवा शेती करायला हरकत नाही. त्याने दाव्याला बाध येत नाही.

कॉन्ट्रॅक्टची उरलेली पाने, भरतीपूर्व मेडिकलचा पूर्ण फॉर्म, डरबनचा डिस्चार्ज कागद आणि सीडीसीच्या नोंदींची पाने आल्यावर तीन मागण्यांच्या पत्राचा मसुदा करून देतो.